नॅसवरच्या प्लेलिस्ट पुन्हा पुन्हा रिकाम्या का होतात

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली, सगळ्या यंत्रांना फाइली पुरवणारी डिस्कची पेटी. तिच्यावरचा फोल्डर उघडला तर गाणी जाग्यावर आहेत. एकेक लावलं तर वाजतात. प्लेलिस्ट उघडली की मात्र शून्य गाणी, किंवा अर्धीच, किंवा यादी पूर्ण दिसते आणि प्लेयर एकेका गाण्यावरून उड्या मारत शेवटाला पोचतो. दुरुस्त केलं की काही दिवस नीट चालतं. मग एखाद्या संध्याकाळी वळीव येतो, वीज जाते, आणि पुन्हा तेच. कोल्हापुरात राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत ही तक्रार मी ऐकतो आणि तिची सुरुवात बहुतेक वेळा ठरलेली असते: "गाणी उडाली बघ सगळी."

गाणी उडालेली नसतात. म्हणून पहिलं काम म्हणजे हात आवरणं. डेटाबेस पुसून नवा करायचं बटण, फॅक्टरी रिसेट, सगळं काढून परत कॉपी, यातलं काहीही आत्ता करू नका. जी प्लेलिस्ट बिघडली आहे तिची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. बिघाडाचं कारण बहुतेक वेळा त्या बिघडलेल्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं आणि लोक घाईत नेमकी तीच पुसतात.

हे सगळं सायनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या तयार नॅसला लागू आहे, तसंच रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला जुनी यूएसबी डिस्क लावून केलेल्या घरगुती जुगाडालाही. आत दोन्हीकडे लिनक्सच असतं, आणि निम्मा घोळ लिनक्स आणि विंडोज यांच्या सवयी वेगळ्या असल्यानं होतो.

प्लेलिस्ट कुठं राहते ते आधी बघा

प्लेलिस्ट दोन जातींच्या असतात. एक फाइलवाली: एम३यू किंवा एम३यू८ या प्रकारची साधी मजकुराची फाइल, गाण्यांच्या फोल्डरातच ठेवलेली. दुसरी ॲपच्या पोटातली: फोनवरच्या ॲपमधून 'यादीत टाका' म्हणून केलेली, जी नॅसवरून गाणी पुरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे सर्व्हरच्या डेटाबेसात राहते आणि फोल्डरात शोधून सापडत नाही. या दुसऱ्या जातीत गाण्याला एक अंतर्गत क्रमांक असतो. डेटाबेस नव्यानं बांधला की तो क्रमांक बदलू शकतो आणि यादी पोरकी होते. तुमच्या ॲपमध्ये निर्यातीची सोय असेल तर चालू असतानाच यादी बाहेर काढून ठेवा. माझं मत विचाराल तर ज्या याद्या वर्षानुवर्षं टिकवायच्या त्या फाइलवाल्याच असाव्यात. खाली जे आहे ते मुख्यतः त्यांच्याबद्दल.

एम३यू फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. घाबरण्यासारखं काही नाही. लग्नाच्या पत्रिका वाटायला निघताना हातात जी नावा-पत्त्यांची यादी असते तीच ही. गाणं त्यात नाही, गाण्याचा पत्ता आहे. हॅश चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे शेरे: गाण्याची लांबी, नाव वगैरे. बाकी प्रत्येक ओळ एक पत्ता. गाण्याचा फोल्डर हलवला, नाव बदललं, तर यादीला ते कळत नाही. ती जुन्या पत्त्यावर जाते आणि दार बंद बघून पुढं सरकते.

तीन गाण्यांची चाचणी

एकाच गाण्याच्या तीन प्रती करा. पहिलीला रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता साधं नाव द्या. दुसरीला 'कमळ' असं सोपं देवनागरी नाव द्या. तिसरीला 'वाऱ्यावर' असं, ज्यात हा ऱ आहे असं नाव. तिन्ही फाइली तुमची गाणी नेहमी जिथून नॅसवर येतात तिथूनच, नेहमीच्याच पद्धतीनं चढवा, आणि नेहमीच्याच प्रोग्रॅमनं त्यांची प्लेलिस्ट करा. मग जिथं बिघाड दिसतो तिथं, म्हणजे टीव्हीवर किंवा फोनवर, लावून बघा.

तिन्हींतलं एकही वाजलं नाही तर पत्ता चुकतो आहे किंवा परवानगी नाही. फक्त रोमन नावाचं वाजलं तर अक्षरांच्या एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीचा घोळ. पहिली दोन वाजून 'वाऱ्यावर' अडलं तर दुखणं अगदी आपल्या मराठीचं आहे, त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे. आणि तिन्ही वाजली तर फाइल निर्दोष आहे. दोष वेळेचा आहे: वीज आल्यावर कोण आधी जागं होतं, कोण नंतर.

पत्ता: झेड ड्राइव्ह फक्त तुमच्या लॅपटॉपला माहीत

सर्वांत जास्त घरांत हेच निघतं. लॅपटॉपवर नॅसचा फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो. त्यावर प्लेलिस्ट केली की आत ओळ पडते ती अशी:

झेड:\संगीत\नाट्यसंगीत\०१.एमपी३

नॅसच्या दृष्टीनं झेड नावाची चीज जगात नाही. त्याच्याकडे तीच फाइल अशी असते:

/व्हॉल्यूम१/संगीत/नाट्यसंगीत/०१.एमपी३

आणि रेघाही उलट्या. विंडोज बॅकस्लॅश लावतं, लिनक्सला पुढं झुकलेली रेघ लागते. त्यामुळं ही प्लेलिस्ट लॅपटॉपवर झकास वाजते आणि टीव्हीवर शून्य दाखवते. शाहूपुरीतल्या एका काकांनी यावरून टीव्ही बदलायची तयारी केली होती. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, आधी ती यादी तर उघडून बघू." उघडली, तर दोनशे ओळी, दोनशे झेड.

उपाय सोपा आहे. पत्ता पूर्ण लिहूच नका, सापेक्ष लिहा. प्लेलिस्टची फाइल 'संगीत' या फोल्डरातच, सगळ्यांत वर ठेवा आणि ओळ एवढीच असू द्या:

नाट्यसंगीत/०१.एमपी३

आता ती झेडवरून उघडा, व्हॉल्यूमवरून उघडा, उद्या नवा नॅस आणा, फोल्डराची आतली रचना तीच आहे तोवर यादी चालते. प्लेलिस्टसाठी शेजारी वेगळा फोल्डर करून दोन टिंबांनी एक पायरी वर चढायची पद्धतही आहे, पण काही प्लेयर ती दोन टिंबं समजत नाहीत. दिसायला थोडा पसारा वाटला तरी याद्या वरच ठेवाव्यात असं माझं म्हणणं.

जुन्या याद्या हातानं सुधारत बसू नका. नोटपॅड प्लस प्लसमध्ये शोधा-आणि-बदला वापरून सुरुवातीचा झेडचा तुकडा काढून टाका, मग सगळ्या बॅकस्लॅश पुढच्या रेघेनं बदला. दोन फेऱ्यांत काम होतं. त्याच प्रोग्रॅममध्ये ओळीच्या शेवटाचा प्रकारही बघून घ्या. विंडोज ओळ संपवताना दोन अदृश्य खुणा टाकतं, लिनक्स एकच. काही जुने प्लेयर ती जादा खूण नावाचाच भाग समजतात आणि फाइली त्यांना सापडत नाहीत. याची ओळखखूण गमतीची असते: यादीतलं फक्त शेवटचं गाणं वाजतं, कारण त्याच्यानंतर ओळ संपलेलीच नसते.

लहान-मोठ्या अक्षरांचंही इथंच उरकून घेऊ. रोमन नावात पहिलं अक्षर मोठं की लहान याचं विंडोजला सोयरसुतक नसतं, लिनक्सला असतं. फोल्डराचं नाव कधीतरी कुणीतरी मोठ्या अक्षरांत 'नीट' करून ठेवलं असेल तर लॅपटॉपवर फरक पडत नाही, नॅसवर त्या फोल्डरातली सगळी गाणी यादीतून गळतात.

आयपी पत्ता

काही प्लेलिस्टमध्ये झेडऐवजी नॅसचा आकडी पत्ता असतो, १९२.१६८ नं सुरू होणारा. राउटर बंद पडून सुरू झाला की तो हे पत्ते नव्यानं वाटू शकतो आणि कालपर्यंत नॅसचा असलेला आकडा आज कुणाच्या तरी फोनला मिळतो. वीज गेल्यावर प्लेलिस्ट बिघडतात त्यातलं एक कारण हे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर नदीकडच्या भागातल्या अनेकांनी तळमजल्यावरची यंत्रं वर हलवली, ते शहाणपणाचंच. पण वरच्या मजल्यावर दुसरा राउटर असेल तर तिथली आकड्यांची मालिकाच वेगळी असू शकते आणि मग जुना पत्ता कधीच लागणार नाही.

राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी आरक्षण नावाची सोय असते. नॅसचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा नेटवर्क-क्रमांक) टाकून एक आकडा त्याच्या नावावर करून द्या. सापेक्ष पत्त्यांच्या याद्यांना याची गरज पडत नाही, पण ड्राइव्ह जोडायला आणि ॲपला सर्व्हर सापडायला पडते.

देवनागरी नावं

आता खरा मुद्दा. इंग्रजी गाण्यांच्या संग्रहासाठी लिहिलेली माहिती वाचून आपल्याकडचे लोक दमतात, कारण त्यात हे कुणी सांगत नाही.

एम३यू ही फाइल जुन्या काळची. तिच्यात अक्षरं कोणत्या एन्कोडिंगनं लिहायची याची सक्ती नव्हती, आणि विंडोजवरचे जुने प्रोग्रॅम तिथल्या स्थानिक पद्धतीनं लिहीत. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. म्हणून मराठी नावं जतन करताना सरळ प्रश्नचिन्हं होतात. फाइल उघडल्यावर नावांच्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं दिसली तर ती यादी दुरुस्त होत नाही, माहिती गेलेली असते. नव्यानं करा.

दुसरं चित्र असं: दर अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्यामागे कधी चार कोपऱ्यांना शेपट्या असलेला छोटा गोल, कधी जपानी येनचं चिन्ह. हे दिसलं तर उलट आनंद माना. यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं असतं आणि पहिले दोन बाइट जवळजवळ तेच ते असतात, म्हणून ही पुनरावृत्ती दिसते. माहिती शाबूत आहे, फक्त वाचणारा चुकीच्या चष्म्यातून वाचतो आहे. फाइलीचं नाव एम३यू ऐवजी एम३यू८ केलं की बरेच प्लेयर ताळ्यावर येतात, कारण त्या आठाचा अर्थच यूटीएफ-८ असा आहे.

विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये जतन करतं. त्याआधीचं एएनएसआय, म्हणजे ती जुनी स्थानिक पद्धत, धरून चालायचं. घरात एक जुना लॅपटॉप आणि एक नवा असेल, तर एकच यादी एकावर सुधारली की चालते आणि दुसऱ्यावर सुधारली की बिघडते, ते यामुळं. जतन करताना खालच्या एन्कोडिंगच्या चौकटीकडे बघायची सवय लावा आणि बीओएम नसलेलं यूटीएफ-८ निवडा. बीओएम म्हणजे फाइलीच्या तोंडाशी चिकटवलेली अदृश्य खूण. ती पहिल्या ओळीला लागते. पहिली ओळ गाण्याची असेल तर नेमकं पहिलंच गाणं कायम गायब असतं आणि माणूस त्या बिचाऱ्या एमपी३ ला दोष देत बसतो.

इथवर जगात सगळ्यांचं सारखंच. पुढचं आपलं.

'वाऱ्यावर', 'बंधाऱ्यावर', 'दुसऱ्या' यांतला ऱ संगणकात एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा: ऱ हे स्वतंत्र अक्षर. दुसरी: साधा र आणि त्याला खाली नुक्ता, म्हणजे टिंब. तिसरी: र, हलन्त आणि मागं शून्यरुंदीचा जोडक, ज्यानं तसाच आडवा अर्धा र उमटतो. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे. विंडोजला आणि लिनक्सला ही तीन वेगवेगळी नावं. मॅकवरच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्क तर पहिली तऱ्हा दिली तरी आपणहून तोडून दुसरी करून ठेवतात. २०१७ पासूनच्या एपीएफएस डिस्क नाव दिलं तसं ठेवतात, पण घरात एखादी जुनी पोर्टेबल डिस्क असतेच. मग गाण्याची फाइल त्या डिस्कवरून नॅसवर आली आणि प्लेलिस्ट विंडोजवर टाइप केली, की बाकी सगळी मराठी गाणी वाजतात आणि फक्त ऱ असलेली रुसतात. ज्याला हे माहीत नाही तो आयुष्यभर शोधत बसेल.

असंच 'ॲ' चं. एक सुटं अक्षर म्हणून ॲ आहे, ते युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसूचीत, २००८ साली आलं. त्याआधी आणि काही कीबोर्डवर आजही अ ला ॅ लावून तेच दिसणारं लिहितात. फोल्डराचं नाव 'ॲल्बम' असेल तर ते कोणत्या 'ॲ' नं लिहिलंय हे डोळ्यांनी कळणार नाही. हिंदी बंदिशींच्या नावांत ड आणि ढ खाली नुक्ता येतो तिथंही हाच धोका.

विसर्गाची तऱ्हा निराळी. 'दुःख', 'अंतःकरण' लिहिताना कितीतरी जण विसर्गाऐवजी कोलन दाबतात. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात कोलन चालत नाही, पण नॅसच्या स्वतःच्या वेब पानावरून नाव बदललं तर लिनक्स ते बिनतक्रार घेतं. शास्त्रीय संगीतवाल्यांची 'राग यमन: विलंबित' अशी नावं ठेवायची हौस तर ठरलेली. अशी फाइल लॅपटॉपवर दिसते तेव्हा विंडोजला नॅसचे फोल्डर दाखवणारा मधला सांबा सर्व्हर तिला एक तात्पुरतं, तुटकं, मधे लाटेचं चिन्ह असलेलं नाव देतो. विंडोजवरचा प्रोग्रॅम तेच तुटकं नाव यादीत लिहितो आणि नॅसवर त्या नावाची फाइल नसतेच. टिंबावर संपणाऱ्या फोल्डरांचंही असंच. 'गायन पं.' असं नाव ठेवलं की शेवटच्या टिंबाशी विंडोजचं भांडण.

लांबीचीही मर्यादा आहे. लिनक्सवर एका फाइलीच्या नावाला साधारणपणे २५५ बाइट मिळतात. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते, म्हणजे ८५ चिन्हांत खेळ आटोपतो. सायनॉलॉजीवर फोल्डर कूटबद्ध करण्याची जी जुनी पद्धत आहे तिच्यात ही मर्यादा १४३ बाइटांवर येते, म्हणजे देवनागरीची फक्त ४७ चिन्हं. राग, ताल, गायक, साथीदार, मैफलीचं ठिकाण आणि साल, एवढं सगळं नावात कोंबणाऱ्या संग्राहकांच्या फाइली म्हणूनच कॉपी होता होता मधेच अडतात. यादीत त्या असतात, डिस्कवर पोचलेल्याच नसतात.

या सगळ्यावर माझा उपाय काहींना आवडत नाही. फाइलींची आणि फोल्डरांची नावं रोमन लहान अक्षरांत, आखूड ठेवायची, आणि मराठी सगळी टॅगमध्ये, म्हणजे फाइलीच्या आतल्या शीर्षक-गायकाच्या नोंदीत लिहायची. पडद्यावर दिसतं ते टॅगमधलंच. मराठीचा अपमान वगैरे काही होत नाही. फाइलीचं नाव यंत्रासाठी, टॅग माणसासाठी. ज्यांना नावंही देवनागरीतच हवीत त्यांनी निदान एकच तऱ्हा पाळावी. लिनक्सवर कन्व्हएमव्ही नावाचं छोटं साधन आहे, ते साऱ्या फोल्डरांतली नावं एनएफसी या एका रूपात आणतं. नुसतं चालवलं तर काय बदलेल एवढंच दाखवतं, प्रत्यक्ष बदल करायला वेगळा पर्याय द्यावा लागतो, त्यामुळं आधी निर्धास्त चालवून बघा. त्यानं नुक्त्याचा ऱ जुळतो, जोडकवाला मात्र नाही, तो हातानं बदलावा लागतो. नावं बदलली की प्लेलिस्ट टाइप करू नका, फोल्डरातल्या प्रत्यक्ष फाइलींवरून प्रोग्रॅमकडूनच तयार करून घ्या.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत नावं लिहिलेल्या सीडी कुणाकडे असतील तर ती नावं युनिकोड नाहीतच. ती सरळ नव्यानं लिहावीत.

टॅगवर चालणाऱ्या याद्या

'या गायकाची सगळी गाणी' अशी आपोआप भरणारी यादी फाइलीच्या नावावर नाही, टॅगवर चालते. कोल्हापूरच्या संग्रहांत इथं हमखास गळती असते. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, त्यामुळं जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं इथं घराघरांत: केसरबाई, मोगूबाई, मंजीखाँ-भूर्जीखाँकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. आणि नावं मात्र 'खाँ', 'खां', 'खान', सुटं, जोडून, 'पं.' सह, 'पंडित' सह. सुधीर फडके तर १९१९ साली कोल्हापुरातच जन्मले, तरी एकाच घरात ते 'सुधीर', 'सुधिर' आणि 'बाबूजी' असे तीन वेगळे गायक म्हणून नांदताना मी पाहिले आहेत. सर्व्हरला तिघंही वेगळेच. एमपी३टॅगसारख्या प्रोग्रॅममध्ये गायकाच्या रकान्यावर क्रम लावा, भावंडं शेजारी शेजारी येतात, मग एकदम निवडून एकच नाव द्या.

७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांत आणखी एक कटकट आहे. एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, त्यामुळं एकाच गायकाचा एकच राग दोन-तीन फाइलींत असतो, शीर्षक तेच. काही सर्व्हर त्यांना एकाचीच प्रत समजून एकच दाखवतात. शीर्षकात 'बाजू १', 'बाजू २' असं लिहिलं की मिटतं.

टॅगच मोडके दिसत असतील तर आवृत्ती बघा. आयडी३ या एमपी३ टॅगच्या पद्धतीच्या २.३ आवृत्तीत यूटीएफ-८ नाही, मराठीसाठी यूटीएफ-१६ लागतं. यूटीएफ-८ आलं ते २.४ मध्ये. जुने टीव्ही आणि गाडीतले प्लेयर बऱ्याचदा २.३ च नीट वाचतात, म्हणून मी २.३ यूटीएफ-१६ मध्येच जतन करतो.

वीज आल्यानंतर

चाचणीत तिन्ही गाणी वाजली आणि तरी याद्या अधूनमधून रिकाम्या होतात, असं असेल तर हे वाचा. विशेषतः रास्पबेरी पायवाल्यांनी.

वीज आली की पाय काही सेकंदांत जागा होतो, संगीताचा सर्व्हर त्याच्याबरोबर. यूएसबी डिस्क मात्र फिरायला, तपासली जायला आणि जोडली जायला जास्त वेळ घेते. सर्व्हर तेवढ्यात फोल्डर चाळतो, तो रिकामा. त्याचा समज होतो की मालकानं गाणी काढून टाकली, आणि तो इमानदारीनं आपल्या नोंदीही पुसतो. नंतर डिस्क येते, गाणी पुन्हा नोंदली जातात, पण ॲपच्या पोटातल्या याद्या तोवर मोकळ्या झालेल्या असतात. उपाय असा की संगीताच्या सेवेला सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) सांगून ठेवायचं: ही डिस्क जोडली गेल्याशिवाय सुरू होऊ नकोस. त्यासाठी 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' ही एक ओळ पुरते.

दुसरा प्रकार म्हणजे डिस्क आपोआप जोडली जाते तेव्हा. अचानक वीज गेल्यानं जुन्या जोडणीचा रिकामा फोल्डर मागं राहतो, आणि नव्यानं येणारी डिस्क त्याच नावापुढं १ लावून शेजारी बसते. कालचं 'गाणी' आज 'गाणी१'. सगळे पूर्ण पत्ते एका फटक्यात खोटे. डिस्क तिच्या यूयूआयडीनं (डिस्कचा ओळखक्रमांक) एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठं जोडायची याची लिनक्सची यादी) कायमची नोंदवली की हे थांबतं. सोबत 'नोफेल' हा पर्याय द्या, नाहीतर डिस्क नसताना पाय सुरू व्हायलाच अडून बसेल.

आणि एक लहान यूपीएस घ्या. राउटर आणि नॅस दोन्ही त्यावर. तयार नॅस यूएसबी केबलनं यूपीएसशी बोलतो आणि बॅटरी संपत आली की स्वतः नीट बंद होतो.

तयार नॅसवर नवी गाणी टाकूनही यादीत येत नसतील तर बहुधा इंडेक्सिंग, म्हणजे गाण्यांची नोंद घेणं, मागं पडलेलं असतं. सर्व्हर फोल्डरांवर लक्ष ठेवायला लिनक्सची आयनोटिफाय ही सोय वापरतो. तिला किती फोल्डरांवर नजर ठेवता येईल याची मर्यादा असते, बऱ्याच जुन्या यंत्रणांवर ८,१९२. प्रत्येक मैफलीला वेगळा फोल्डर करणाऱ्यांचा संग्रह ती ओलांडू शकतो, आणि पलीकडच्या फोल्डरांत काय घडलं ते सर्व्हरला कळतच नाही. मिनीडीएलएनए हा सर्व्हर असेल तर लॉगमध्ये तसा इशारा सापडतो. मर्यादा वाढवा, किंवा रोज पहाटे पूर्ण फेरतपासणी लावून द्या.

परवानगी आणि उरलेलं

मुलानं त्याच्या खात्यातून गाणी चढवली, सर्व्हर वेगळ्या खात्यानं चालतो, आणि त्याला त्या फाइली वाचायची मुभा नाही. यादीत नाव, आवाज नाही. फोल्डराच्या परवानग्यांत संगीताच्या सेवेला वाचनाचा हक्क द्या आणि 'आतल्या सगळ्या फाइलींना लागू' यावर खूण करायला विसरू नका. नॅव्हिड्रोम हा संगीताचा सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी: फोल्डरातून आपोआप घेतलेल्या याद्या ॲडमिनच्या खात्यावर जमा होतात. घरातल्या इतरांना दिसायला त्या सार्वजनिक कराव्या लागतात. "आत्याच्या फोनवर का दिसत नाही" याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

यादीत टिंब आणि अधोरेखेनं सुरू होणारी, चार केबीची 'गाणी' दिसली तर ती मॅकनं सोडलेली पिल्लं आहेत, खुशाल पुसा. टीव्ही ठरावीक गाण्यांवरूनच उड्या मारतो पण फोनवर तीच वाजतात, तर टीव्हीला तो फाइलप्रकार येत नाही. एपीई आणि एएलएसी यांचं बहुधा असं होतं. एफएलएसीत बदलून घ्या, दर्जा तसूभरही कमी होत नाही.

सगळं दुरुस्त झालं की चाचणी वीज घालवूनच घ्या, पण नीट: आधी नॅस त्याच्या मेन्यूतून बंद करा, मग राउटर. पाच मिनिटं थांबा. राउटर सुरू करून इंटरनेट आलं की नॅस लावा आणि लॅपटॉप न उघडता थेट टीव्हीवरून यादी वाजवा. मग एकदा दोन्ही यंत्रं एकदमच सुरू करून बघा, कारण खरी वीज येते तेव्हा ती कुणाचा क्रम पाळत नाही. तरीही यादी रिकामी आली तर मदत मागताना तीन गोष्टी सोबत द्या: बिघडलेली एम३यू फाइल, नॅसवरच्या त्या एका गाण्याचा पूर्ण पत्ता, आणि ती यादी कोणत्या यंत्रावर, कोणत्या प्रोग्रॅमनं केली होती ते.